ओपीडीत बीपी छान, रात्रीचं कोण बघणार?

किडनीचा आजार असलेल्या मुलाचं बीपी तपासून झालं, डॉक्टरांनी "चांगलं आहे" म्हटलं, की आई-वडिलांचा चेहरा कसा खुलतो ते मी रोज बघते. फाइल पिशवीत जाते, बसची वेळ विचारली जाते. त्यांचा आनंद मला मोडायचा नसतो. पण ते बीपी सकाळी अकराला घेतलेलं असतं, मूल खुर्चीत बसलेलं असताना. त्याच मुलाच्या अंगात रात्री दोन वाजता काय चाललेलं असतं ते त्या आकड्यात कुठंच नसतं. आणि ज्याच्या किडन्या अधू आहेत त्या मुलाच्या बाबतीत रात्रीचं हे बीपी फार महत्त्वाचं असतं.

मी बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, लहान मुलांच्या विभागात. गेली काही वर्षं चोवीस तासांची बीपीची मशीन लावायचं काम माझ्याकडे आहे. कुणी तिला होल्टर म्हणतं, कुणी "रातची मशीन". मी ती मुलाच्या दंडाला बांधते, घरी पाठवते, दुसऱ्या दिवशी काढून घेते, आकडे कॉम्प्युटरवर उतरवते आणि कागद डॉक्टरांपुढं ठेवते. औषध काय द्यायचं हे ठरवणारी मी नाही. पण रात्रीचे आकडे सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांखालून जातात, आणि त्या मुलांच्या आयांशी सगळ्यात जास्त बोलणंही माझंच होतं. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे मुलं येतात ती खानापूर, निपाणी, चिक्कोडी, बैलहोंगल अशी चारी बाजूंनी. चंदगडची माणसंही येतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. बाहेरच्या बाकावर मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात चालतं. दोन्ही भाषांत एक प्रश्न मात्र हमखास विचारला जातो: "एवढ्याशा पोराला कसलं बीपी?"

प्रश्न बरोबरच आहे. मोठ्या माणसांत आपण बघतो ते असं, की आधी साखर किंवा बीपी, मग वर्षानुवर्षं दुर्लक्ष, मग किडनी. मुलांचं तसं नसतं. बहुतेक लहान मुलांत दोष जन्मापासून असतो. किडनी लहान असते किंवा नीट घडलेलीच नसते. लघवी मूत्राशयातून उलटी वर किडनीकडे चढते. काही मुलग्यांमध्ये लघवीच्या मार्गात जन्मतः पडदा असतो, धार बारीक येते, थेंब थेंब येते, आणि तोवर मागं किडन्या फुगून खराब झालेल्या असतात. नेफ्रोटिक, नेफ्रायटिस हे आजार आणखी वेगळे, त्यांत अंगावर सूज येते आणि दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही बीपी चढतं. म्हणजे मुलांत बऱ्याचदा किडनी आधी बिघडते आणि तिच्यामुळं बीपी वाढतं. पण एकदा वाढलं की ते उरलेल्या किडनीलाही मारत सुटतं. हा फेरा मध्येच कुठंतरी तोडावा लागतो, आणि आपल्या हाताला लागण्यासारखी त्यातली एक जागा म्हणजे बीपी.

आता रात्रीचं. निरोगी माणसाचं बीपी झोपेत उतरतं. मुलाचंही उतरतं. दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान १० टक्के खाली यायला हवं. समजा दिवसा वरचं बीपी सरासरी ११२ आहे, तर रात्री ते १००च्या आसपास यावं. ते ९८ आलं तर साडेबारा टक्के उतरलं, उत्तम. १०८ आलं तर उतार चार टक्केही नाही. १०८ हा आकडा दिवसा कुणाला दाखवला तर कुणी भुवई उंचावणार नाही, पण गाढ झोपेतला १०८ वेगळा असतो. काही मुलांत तर रात्रीचा आकडा दिवसापेक्षा वर जातो. असा कागद प्रिंटरमधून बाहेर येतो तेव्हा मी तो ढिगात ठेवत नाही, हातात घेऊन डॉक्टरांकडे जाते.

असं का होतं? कारणं एकापेक्षा जास्त आहेत. आजारी किडनीतून रेनिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. झोपेत शांत व्हायला हव्यात त्या नसा शांत होत नाहीत. पण आयांना मी समजावते ती गोष्ट मिठाची. किडनी चांगली असली की दिवसभरात खाल्लेलं मीठ दिवसाच बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी कमजोर असली तर ते काम मागं राहतं आणि रात्री दाब वाढवून उरकावं लागतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत असतं त्याला दिवसा पाणी पोचत नाही, मग तो रात्री जागून, मोटर लावून पाणी ओढतो, तसंच हे. म्हणून यातली बरीच मुलं रात्री शूला उठतात. दहा वर्षांचं मूल रोज रात्री दोनदा उठत असेल किंवा अजून अंथरूण ओलं करत असेल तर "मोठं झाल्यावर सुधारेल" म्हणून सोडून देऊ नका, एकदा लघवीची तपासणी आणि बीपी तरी करून घ्या. त्यातल्या पुष्कळ मुलांना काहीही नसतं. पण ज्याला असतं त्याचं त्या साध्या तपासणीत कळतं.

दिवसा छान आणि मशीनवर वाढलेलं, याला डॉक्टर लोक झाकलेलं बीपी म्हणतात. ते किती मुलांत असतं याचा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरा वाटला नव्हता. अमेरिका आणि कॅनडात किडनीच्या जुनाट आजाराच्या मुलांचा सीकेआयडी नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यातून २०१० साली आलेल्या निष्कर्षात ३८ टक्के मुलांचं बीपी असं झाकलेलं निघालं. दवाखान्यात नॉर्मल, मशीनवर वाढलेलं. दहातली जवळजवळ चार मुलं. त्याच मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी केली. ज्यांचं बीपी दोन्हीकडे नॉर्मल होतं त्यांच्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली मुलं ८ टक्के, झाकलेलं बीपी असलेल्यांत २० टक्के, आणि दोन्हीकडे वाढलेलं असलेल्यांत ३४ टक्के. ज्या मुलांना "बीपी चांगलं" म्हणून घरी पाठवलं असतं त्यांच्यातल्या दर पाचव्या मुलाच्या हृदयावर ताण दिसू लागला होता. मूल धावतंय, शाळेत जातंय, त्याला काही दुखत नाही. आई तरी कशावरून ओळखणार?

दुसरा अभ्यास युरोपातला, एस्केप नावाचा, २००९ साली छापून आलेला. ३ ते १८ वर्षांची ३८५ मुलं, सगळ्यांना रॅमिप्रिल ही बीपीची गोळी. अर्ध्या मुलांचं चोवीस तासांचं बीपी नेहमीच्या मर्यादेत ठेवलं आणि अर्ध्यांचं मुद्दाम आणखी खाली, त्यांच्या वयाउंचीच्या मुलांच्या मधल्या रेषेच्याही खाली आणलं. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या जवळजवळ ४२ टक्के मुलांची किडनी बरीच ढासळली, दुसऱ्या गटात ३० टक्के मुलांची. बीपी खाली ठेवल्यानं आजार जात नाही, पण डायलिसिसचा दिवस लांब ढकलता येतो. ज्या घरानं आठवड्यातून तीन दिवस बेळगावच्या फेऱ्या केल्यात त्यांना विचारा, दोन वर्षं लांबणं म्हणजे काय ते. आणि हे जे "खाली" आहे ते मोजायचं साधन चोवीस तासांची मशीनच होती, ओपीडीतलं एकटं रीडिंग नव्हे. २०१७ पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं तेच आहे: किडनीचा जुनाट आजार असलेल्या मुलाला, ओपीडीतलं बीपी काहीही असो, वर्षातून एकदा ही मशीन लावा.

एका मुलीबद्दल सांगते. गाव सांगत नाही, खानापूरच्या बाजूचं एवढंच. पाचवीतली, बोलकी. तान्ही असताना सारखा ताप यायचा, त्यात लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, पुढं तपासात एक किडनी लहान आणि डागाळलेली निघाली. रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनीचं काम मंदावलं की वाढतं, ते थोडं वर, पण बरीच वर्षं तिथंच टिकून. ओपीडीत तिचं बीपी दरवेळी छान यायचं, त्या दिवशीही १०४/६६ होतं. डॉक्टरांनी वार्षिक मशीन लिहिली तेव्हा वडील जरा नाराजच झाले. "सिस्टर, आत्ताच तर चांगलं हाय म्हटलं की. परत उद्या यायचं म्हणजे उसाची तोड सोडून यायचं." मशीन परत आणून देण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं हे खरं दुखणं आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. तिच्या आईनं मात्र वाद घातला नाही. तिनं मला विचारलं, "झोपल्यावर मी काय काय लिहून ठेवू?"

तिनं लिहिलेला कागद मला अजून दिसतो. आम्ही एक छापील तक्ता देतो, तो तिनं दिवसाच भरून टाकला होता. रात्रीचं सगळं कॅलेंडरच्या जुन्या पानामागं पेन्सिलीनं लिहिलेलं: "९.४० झोपली. १२.१० उठली, शू. २ ला हे मोटर चालू करायला गेले, कुत्री भुंकली, जागी झाली. २.३० परत झोप. ४ ला हात झटकला, झोपेतच. ५.३० उठली." शेतीला थ्री फेजची लाइट रात्रीच येत होती, त्यामुळं वडिलांना जावंच लागलं. कॉम्प्युटरवर बघितलं तर दिवसाची सरासरी ११०/६८ आणि झोपेतली ११६/७२. वडील लगेच म्हणाले, कुत्र्यांमुळं दचकली असणार. डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं नाही. आईच्या कागदावरून बारा दहाची आणि दोन ते अडीचची रीडिंग बाजूला काढली आणि फक्त गाढ झोपेतली बघितली. तरी सरासरी हलली नाही. त्या पेन्सिलीच्या चार ओळींमुळं शंकेला जागा उरली नाही. नाहीतर "झोप नीट लागली नसेल, पुढच्या वेळी बघू" म्हणत आणखी एक वर्ष गेलं असतं. हृदयाची सोनोग्राफी केली, भिंत जाड व्हायला सुरुवात झाली होती.

तिला एनालाप्रिल ही बीपीची गोळी सुरू झाली. पंधरवड्यानं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं, कारण या गोळीनं ती दोन्ही वाढू शकतात. डोस हळूहळू वाढवला. काही महिन्यांनी पुन्हा मशीन लावली तेव्हा दिवसाचं १०७ आणि रात्रीचं १०० आलं. उतार अजून १० टक्के झालेला नाही, पण रात्रीची चढण गेली. त्या वेळी मशीन परत द्यायला वडील एकटेच आले होते, सकाळच्या पहिल्या बसनं.

मशीन लावताना काय होतं ते माहीत नसल्यामुळं मुलं घाबरतात, म्हणून तेही लिहिते. दंडाला पट्टा, त्याला एक नळी, आणि कमरेला किंवा खांद्याला अडकवलेली छोटी डबी. सुई नाही, रक्त नाही. दिवसा साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आणि रात्री वीस-तीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो आणि सुटतो. मी पट्टा ज्या हातानं मूल लिहितं त्याच्या उलट्या हाताला बांधते. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला, म्हणजे रक्तवाहिन्या जोडलेला, हात असेल तर त्याला अजिबात नाही. पट्ट्याचं माप मी टेपनं दंड मोजून ठरवते. आमच्याकडची बरीच मुलं वयाच्या मानानं बारीक असतात, आणि मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला तर बीपी खोटं कमी येतं. लहान पट्टा घट्ट बसवला तर खोटं जास्त. हे घरातल्या साध्या मशीनलाही लागू आहे, तेव्हा दुकानातून मशीन आणताना मुलाच्या दंडाचा पट्टा मागून घ्या.

पहिली दोन-तीन रीडिंग मी मुलाला समोर बसवून घेते. पट्टा फुगायला लागला की हात खाली सोडायचा, पुतळा व्हायचं, बोलायचं नाही. एक छोकरा ओरडला, "आई गं, परत आवळूलंय!" आणि त्या ओरडण्यानंच रीडिंग फुकट गेलं. मग आम्ही दोघांनी पुतळा पुतळा खेळून सराव केला. सरावाला पाच मिनिटं लागतात आणि रात्र वाया जात नाही. मुलाला अंघोळ घालूनच आणा, कारण पुढचे चोवीस तास मशीनला पाणी चालत नाही. बाकी शाळेत जाऊ दे, नेहमीसारखं खेळू दे, फक्त पोहायला आणि कबड्डीला नको. त्या दिवशी परीक्षा असेल तर मला आधीच सांगा, तारीख बदलू.

रात्र मात्र घरच्यांच्या हातात असते. मशीन वॉर्डात भरती करून लावा असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. वॉर्डात रात्रभर दिवे, शेजारच्या खाटेवरचं बाळ रडतंय, दर दोन तासांनी कुणीतरी येतंय. तिथली झोप त्या मुलाची रोजची झोप नसते. घरीच बरं. पण घरीही एक रात्र सांभाळावी लागते. इथल्या वडगावात विणकरांचे माग चालतात, मुलं त्या खडखडाटात जन्मापासून झोपतात, त्यांची झोप त्यानं मोडत नाही, तेव्हा त्यासाठी मामाच्या घरी नेऊ नका. नवीन जागेतच झोप मोडते. गणपतीत, लग्नाच्या मांडवात, जत्रेच्या रात्री मशीन लावून घेऊ नका. मोबाइल उशाला नको. धाकटा भाऊ नळी ओढत असेल तर एका रात्रीपुरता आज्जीजवळ झोपवा. नळी उशीखाली दबत नाही ना ते बघा, ती दुमडली तर रीडिंग येत नाही, आणि झोपेच्या वेळेत तासाला निदान एक तरी चांगलं रीडिंग हवं. मुलगा रडून पट्टा काढ म्हणाला तर दम देऊ नका. रडवलेल्या मुलाचं बीपी घेण्यात अर्थ नाही. हात कुरवाळा, पट्टा सुटू द्या, पुन्हा झोपवा.

आणि लिहा. झोपल्याची खरी वेळ, उठल्याची खरी वेळ, मध्ये जाग आली ती वेळ, दुपारी डुलकी काढली असेल तर तीही. मशीनला मूल कधी झोपलं ते कळत नाही. तुम्ही लिहिलं नाही तर आम्हाला घड्याळावरून दिवस-रात्र पाडावी लागते, आणि अकराला झोपणाऱ्या मुलाचं टीव्हीपुढचं बीपी रात्रीच्या खात्यात जातं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट. तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी मशीनवरची मर्यादा सोपी आहे: जागेपणी १३०/८०, झोपेत ११०/६५. त्याखालच्या मुलांचं वय किंवा उंची आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यातून ठरवावं लागतं. मशीनसाठी जगभर वापरतात तो तक्ता जर्मनीतल्या मुलांवरून केलेला आहे. आपल्या मुलांची अंगकाठी वेगळी, आणि किडनीच्या आजारात उंची आणखी खुंटते. त्यामुळं इंटरनेटवर आकडा शोधून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कागद वाचायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, ते उंची बघून वाचतील.

मिठाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडच्या आया मला सांगतात, "सिस्टर, भाजीत मीठ अगदी कमी घालतो." मी विचारते, मधल्या वेळेला काय खातो? चिरमुरे. चिरमुरे करतानाच त्यात मीठ पडतं, वर फरसाण आणि शेव. भाकरीबरोबर लोणचं, सांडगी मिरची, पापड. खानापूरकडे पावसाळ्यात खारे बांगडे. बेकरीची खारी, टोस्ट, पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं. भाजीतलं मीठ यापुढं काहीच नाही. मुलाच्या ताटातून एकदम सगळं काढलं तर ते जेवणारच नाही, आणि ही मुलं आधीच कमी जेवतात. आधी पाकिटं आणि पापड काढा. चिरमुऱ्यांऐवजी बिनमिठाची ज्वारीची लाही द्या. खर्ड्यात मीठ कमी करून लिंबू वाढवा. आठ-दहा दिवसांत जिभेला सवय होते, मी घरोघरी बघितलंय. सैंधव चालेल का असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. सैंधव हेही मीठच आहे. आणि "बीपीवाल्यांचं कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे पुड्यात मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, ते किडनीच्या मुलाला धोक्याचं, घरात आणूच नका.

पण इथंही सरसकट नियम नाही. जन्मतः नीट न घडलेल्या किडनीच्या काही मुलांच्या लघवीतून मीठ उलट वाहून जातं. त्यांचं मीठ तोडलं तर ती वाळतात, वाढ थांबते, त्यांना डॉक्टर वरून मीठ देतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं पथ्य आपल्या मुलाला लावायचं नाही ते याचसाठी. पहिल्यांदा आहारतज्ज्ञांना विचारा, तेवढ्यासाठी तरी त्यांच्या खोलीत जा.

मशीन सगळीकडे नसते हे मला माहीत आहे. असते तिथंही एक-दोनच असतात आणि नंबर लागायला वेळ जातो. तोवर काय? तालुक्याच्या दवाखान्यातही बीपी नीट घेता येतं. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला किंवा स्टुलाला टेकलेले, उजवा हात टेबलावर, योग्य मापाचा पट्टा, आणि कानाला नळी लावून हातानं घेतलेलं रीडिंग. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या जागतिक संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही मशीन नसेल तिथं अशाच हातानं घेतलेल्या बीपीवर चालायला सांगितलंय. सहा वर्षांच्या मुलाचं बीपी घ्यायला कुणी टाळाटाळ केली, "लहानांचं नसतं घ्यायचं" म्हणाले, तरी आईनं आग्रह धरावा. किडनीच्या मुलाचं बीपी प्रत्येक वेळी घ्यायचंच असतं, सर्दीसाठी आला असला तरी. आणि रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल तर तेही सांगा, टॉन्सिल वाढलेल्या मुलाचं रात्रीचं बीपी त्यानंही चढतं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. रात्रीचं बीपी वाढलंय, तर गोळी रात्री दिली तर? मोठ्या माणसांत ब्रिटनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, २०२२ साली निकाल आला, एकवीस हजारांवर माणसं होती. सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसच्या बाबतीत फरक आढळला नाही. पण ती मोठी माणसं होती. किडनीच्या मुलात गोळीची वेळ डॉक्टर मशीनचा आलेख समोर ठेवून ठरवतात. कुणाला एक डोस संध्याकाळी देतात, कुणाला दोन वेळा विभागून. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती रात्री नकोच, मूल रात्रभर उठत राहील आणि झोप मोडल्यावर बीपी आणखी चढेल. वेळ आपल्या मनानं बदलू नका. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असताना उलट्या-जुलाब लागले, मूल पाणी पीत नसेल, तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीला जड जाते. आणि पुढच्या वेळी ओपीडीत बीपी छान आलं की फाइल पिशवीत घालायच्या आधी विचारा, मागची चोवीस तासांची मशीन कधी लावली होती. वर्ष झालं असेल तर तिथंच तारीख घेऊन जा.